विचारलं की सांगितलं

सन एकोणीसशे त्र्याऐंशी, मार्च महिन्यातला शनिवार. जागा एक, पगार दरमहा पाचशे पन्नास रुपये. खोलीत हजर तिघे: आमच्या कारखान्याचे सर्व्हिस इनचार्ज, हिशेबनीस म्हणून मी, आणि सर्व्हिस इनचार्जच्या खुर्चीत अवघडून बसलेला उमेदवार, म्हणजे माझ्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ मोहन.

उमेदवार साहेबांच्या खुर्चीत कसा, हे कळायला आधी साहेब कळायला हवेत.

आमचा कारखाना वसई पूर्वेला. पाण्याचे पंप बनवायचा. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक पश्चिमेकडचे वाडीवाले. केळी, पानवेली, भाजी, फुलं, आणि प्रत्येक वाडीत विहीर. दुसरे आचोळ्याच्या बाजूला नव्या इमारतींत मुंबईहून राहायला आलेले लोक. पंप बंद पडला की दोघेही आमच्याच दारात. कारखान्यात फोन एकच होता आणि तोही बऱ्याचदा मुका, त्यामुळे माणसं जातीनं यायची. तक्रार विभाग म्हणजे एक खोली, एक टेबल आणि भिंतीला लावलेलं बाकडं. तिथे बसणाऱ्या माणसाने तक्रार ऐकायची, जमलं तर तिथल्या तिथे उपाय सांगायचा, नाही जमलं तर योग्य तो मेकॅनिक योग्य त्या सामानासकट पाठवायचा. काम ऐकायला सोपं आहे. करायला माणूस मिळत नसे.

साहेब त्या खोलीचे मालक. वसईतल्या ख्रिस्ती वाडीवाल्यांच्या घरातले, वयाने पन्नाशीच्या पुढचे, उंच, किडकिडीत. पांढरी पँट, पायात रबरी चप्पल आणि बारा महिने हातात छत्री. ऊन असो नसो, छत्री उघडत नसत. ती बोलताना लागायची. पाइप किती खोल, विहिरीचा कठडा कुठे, पाणी कुठवर आलं, हे सगळं ते छत्रीने दाखवत. तरुणपणी गावच्या सणाच्या नाटकांत त्यांनी बायकांची कामं केली होती, आणि ती सवय पुरती गेलेली नव्हती. कोण काय म्हणाला हे सांगताना ते त्या माणसाचा आवाज काढूनच सांगत. मालकांचा आवाजही काढत, मालक पलीकडच्या खोलीत असताना.

गिऱ्हाईक आलं की ते म्हणत, "या, बसा. पहिल्यापासून सांगा." आता वाडीवाल्याला पहिल्यापासून सांगायला सांगितल्यावर तो आजोबांनी विहीर कधी खणली तिथून सुरू करणार. मग चहा. मग भावकीचा वाद. मग दुसरा चहा. महिन्याच्या अखेरीला चहाचं बिल माझ्यापुढे यायचं आणि मी त्यांच्याकडे जायचो.

"साहेब, मशीनला लागणाऱ्या ग्रीसपेक्षा तुमचा चहा जास्त झालाय."

"मग हिशेबात ग्रीसच्या खाली लिहा," ते म्हणत. "काम एकच आहे."

त्यांच्या खोलीत दोन शब्दांना बंदी होती: "काही नाही". कुठल्याही मेकॅनिकने गिऱ्हाइकाला "काही नाही हो, किरकोळ आहे" म्हटलं की साहेबांची छत्री टेबलावर आपटायची. "ज्याच्या केळीला पाणी नाही त्याला तू 'काही नाही' सांगतोस? मग तो इथवर सायकल मारत हवा खायला आला काय?" म्हणणाऱ्याने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा, असा दंड होता. हा एक चहा माझ्या हिशेबात येत नसे, म्हणून त्या नियमाविषयी माझी तक्रार नव्हती.

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या त्या चाळीस दिवसांत, त्यांच्यातली माणसं मांस सोडत, कोणी दारू सोडी. साहेब दर वर्षी काहीतरी भलतंच सोडत. एका वर्षी त्यांनी "पण" हा शब्द सोडला होता. तेव्हा त्यांच्याशी बोलणं फार सुखाचं झालं होतं. मी हे सांगतोय त्या वर्षी त्यांनी समोरच्याच्या बोलण्यात मध्येच बोलणं सोडलं होतं. मुळात ते गिऱ्हाइकाला मध्ये तोडत नसतच. आम्हाला मात्र तोडत. त्या चाळीस दिवसांत आम्ही त्यांच्यासमोर वाक्यं पूर्ण करायला शिकलो.

माणसं नेमण्याची त्यांची रीत हीच, की उमेदवाराला स्वतःच्या खुर्चीत बसवायचं, हातात पेन्सिल द्यायची, खोलीबाहेर जायचं आणि गिऱ्हाईक होऊन आत यायचं. शिक्षण किती, आधी कुठे होता, हे माझ्याकडे. मी त्यासाठी एक तक्ता केला होता: ज्ञानाला चाळीस, अनुभवाला तीस, बोलण्याला वीस, अक्षराला दहा. साहेब तो तक्ता आदराने बघत आणि बाजूला ठेवत. त्यांचा प्रश्न एकच असे, आणि तो उमेदवार गेल्यावर ते मला विचारत: "याने विचारलं, की सांगितलं?"

बहुतेक सगळे सांगत. एकजण साहेब आत आले तसा ताडकन उभाच राहिला. "सर, तुमची खुर्ची, सर!"

"कोन सर?" साहेब वाडीवाल्यांच्या बोलीत म्हणाले. "मी वाडीवाला. पंप पानी देत नाय. तू साहेब ना? मग बस की!"

तो बसला नाही. उभ्यानेच त्याने पंपाचे सगळे भाग धडा म्हटल्यासारखे म्हणून दाखवले. साहेब डोक्यावरून रुमाल घेऊन म्हातारीच्या आवाजात म्हणाले, "बाबा, मधी देवाचं नाव पन घे एकदा." मी तक्ता तोंडापुढे धरला.

पण त्यांच्या या पद्धतीमागे काय आहे हे मला नीट कळलं ते डिप्लोमावाल्या मुलामुळे. तो दादरकडचा. हुशार, मेहनती, अक्षर सुरेख. माझ्या तक्त्यात त्याला एक्याऐंशी गुण. साहेब म्हणाले, "चांगला आहे. सांगतो मात्र." मालकांनी त्याला घेतलं.

दोनेक महिन्यांनी, साहेब रजेवर असताना, फोन चालू होता आणि वाजला. एका वाडीवाल्याचा होता. "पंपाने पानी सोडलंय," एवढंच तो म्हणाला आणि फोन तुटला. या मुलाने वहीत सुंदर अक्षरात लिहिलं: पंप सुरू झाला, तक्रार मिटली.

आठवड्याने तो वाडीवाला आला. त्याने केळीची दोन करपलेली पानं टेबलावर ठेवली.

"फोन केला होता ना मी," तो म्हणाला. "मानूस कुठं हाय तुमचा?"

"पण तुम्हीच म्हणालात पाणी सोडलं!" मुलगा म्हणाला. तो खरोखर चक्रावला होता.

"मग? सोडलं म्हनून तर फोन केला!"

आमच्याकडे पंपाने पाणी सोडलं म्हणजे त्याच्या आतलं पाणी उतरून विहिरीत गेलं. मोटर फिरते, पंप नुसता हवा ओढतो. वरून पाणी भरून दिलं की पुन्हा धरतो. खालचा व्हॉल्व्ह गळत असेल तर तो बदलावा लागतो. साहेब त्याच दिवशी रजेवरून परतले होते. त्यांनी वाडीवाल्याची माफी मागितली, त्याला चहा दिला, व्हॉल्व्ह पिशवीत घातला आणि मेकॅनिकबरोबर स्वतः गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा मी म्हणालो, "पोराच्या पगारातून कापायचं का काही?"

"कशाबद्दल? त्याच्याकडे पाणी सोडलं म्हणजे नळाला पाणी आलं. म्युनिसिपालटीवाले सोडतात, बायका बादल्या घेऊन धावतात. शब्द त्याचाही बरोबर होता." मग छत्री कोपऱ्यात ठेवत म्हणाले, "फक्त 'सोडलं म्हणजे काय हो' एवढं विचारायला हवं होतं."

त्या मुलाला थंडीत मुंबईत चांगली नोकरी लागली आणि त्याची जागा रिकामी झाली. ही बातमी माझ्या घरी मी सांगितली नव्हती. तरी पोचली.

आता मोहनविषयी. तो कामणच्या बाजूला पंखे बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला आणि तो आमच्याकडे राहायला आला. आमच्या दोन खोल्या, आम्ही नवराबायको, दोन मुलं आणि तो. त्याची बायको आणि लहान मुलगी बोळिंजला, तिच्या माहेरी. सासऱ्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "जावईबापूंना काम लागू दे, मग पाठवतो दोघींना. तोवर नको." त्यात त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. पण पोर तिथेच चालायला लागली, तिथेच बोलायला लागली, आणि पहिल्यांदा "बाबा" म्हणाली ती आजोबांना.

मोहन वाईट नव्हता. आळशीही नव्हता. सकाळी बाहेर पडे, दिवेलागणीला परते. पण त्याला काहीही विचारा, उत्तर एकच: "बघतो." कुठे गेला होतास? बघतो. त्या कारखान्यात चौकशी केलीस का? बघतो. मी त्याला काही बोलायला लागलो की तो "बघतो" म्हणून चपला घालत असे. बायको त्याचं ताट झाकून ठेवी आणि त्या ताटावरून आम्हा दोघांत धुसफूस होई.

"जागा तुमच्याच कंपनीत आहे ना?" एक दिवस तिने विचारलं.

"आहे. त्याने अर्ज करावा."

"आणि तुम्ही खोलीत असणार."

"असणार. पण बोलणार नाही."

"परक्यासाठी बोलला असतात."

"परक्यासाठी बोललो तर ते मत. याच्यासाठी बोललो तर वशिला."

"बरं," ती म्हणाली. "आमटीत मीठ कमी आहे. घालू, की तोही वशिला होईल?"

मी दुसऱ्याच दिवशी साहेबांना लिहून दिलं, की अमुक उमेदवार माझा मेव्हणा आहे आणि मी त्याला गुण देणार नाही. साहेबांनी ते वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, "बरं केलंत." एवढंच.

त्या शनिवारी मोहनचा नंबर शेवटचा होता. साहेबांनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, पेन्सिल दिली, आणि रोजच्यासारखे बाहेर जाण्याऐवजी छत्री माझ्या हातात ठेवली.

"आज गिऱ्हाईक तुम्ही."

"मी? मला नाटक येत नाही, साहेब."

"नाटक कोण मागतंय? तक्रार करा. ती तुम्हाला येते. माझ्या चहावर इतकी वर्षं ऐकतोय."

नाही म्हणायला मला कारण सापडेना. गुण देणार नाही असं मी लिहून दिलं होतं, गिऱ्हाईक होणार नाही असं नव्हतं. व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. आतल्या माणसाला हे काम लागलं नाही तर काय होणार हे मला बाहेर उभं राहून स्पष्ट दिसत होतं: बोळिंजचं दार बंदच राहणार, आणि आमच्या घरात ते ताट झाकलेलंच राहणार. मी आत गेलो.

"पंप बंद आहे," मी म्हणालो.

"बसा," मोहन म्हणाला. "कुठला पंप?"

"घरचा."

आमच्या घरी पंप नव्हता. चाळीच्या विहिरीवरून पाणी काढतो, हे त्यालाही ठाऊक. पण दुसरं काही सुचलं नाही.

"कधीपासून बंद आहे?"

"चौदा महिने झाले."

हे तोंडातून निघून गेलं. मोहनला आमच्याकडे येऊन तेवढेच महिने झाले होते. मोहनचे कान लाल झाले. साहेब खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. आता हा "बघतो" म्हणून उठणार, अशी माझी खात्री झाली. पण चपला काढून तो टेबलापलीकडे बसला होता, आणि दाराकडे जायची वाट माझ्यावरूनच होती.

"पंप कसा वागतो ते सांगा," तो म्हणाला. "पाणी किती देतो, आवाज कसा येतो." मुलाखतीसाठी म्हणून तो जपून "पाणी" म्हणत होता. घरी ते "पानी" असायचं.

"आवाज येतच नाही. तीच तक्रार आहे. सकाळी बाहेर पडतो, दिवे लागल्यावर येतो, मध्ये काय करतो ते कळायला मार्ग नाही."

सकाळी बाहेर पडणारा पंप ऐकून साहेबांना खोकला आला. पण उपवासकाळ होता. ते बोलले नाहीत.

"त्रास कोनाला होतो?" मोहनने विचारलं. घरचा 'न' आता परत आला होता.

"माझ्या मंडळींना. रोज ताट झाकून बसते."

"तुमाला होत नाय?"

मी छत्री मांडीवर आडवी घेतली. "होतो," म्हणालो.

"काय होतो?"

इतक्या सरळ त्याने मला कधीच काही विचारलं नव्हतं. उत्तर द्यावंच लागलं. "जागेचा होत नाही," मी म्हणालो. "खर्चाचाही नाही. घरात माणूस आहे आणि तो घरात आहे असं वाटत नाही, त्याचा होतो. मुलं विचारतात, मामा आपल्यावर रागावलाय का. त्यांना काय सांगू?"

मोहनने पेन्सिल खाली ठेवली.

"भावोजी, पयले दोन महिने मी काम शोधलं. रोज. मग जिथं जाईन तिथं तेच उत्तर. मग मी बोळिंजला जायला लागलो. सासऱ्यांच्या घरासमोर तळं हाय. पलीकडच्या बाजूला बसलं की अंगन दिसतं. पोर खेळते ती दिसते. तेवढं बघायचं आनि यायचं. हे घरी येऊन काय सांगनार? म्हनून बघतो म्हनायचो. खरं तेच होतं. बघतच होतो."

बाहेर कोणीतरी पाइप टाकल्याचा आवाज झाला. मग मोहनने पेन्सिल पुन्हा उचलली, सरळ बसला आणि गिऱ्हाइकाकडे बघून म्हणाला, "तुमचा पंप मोडलेला नाही. पाणी सोडलंय त्याने. भरून द्यावा लागेल. बाकी काही नाही..."

"'काही नाही' म्हणायचं नाही!"

साहेब खिडकीपासून गर्रकन वळले होते आणि छत्री माझ्याकडे असल्यामुळे त्यांनी तळहातच टेबलावर आपटला. मोहन दचकून उभा राहिला. मग साहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"घ्या. मोडला माझा उपास. बोललो मध्ये." ते बाकड्यावर बसले. "ईस्टर दोन आठवड्यांवर आलेला आणि याने मोडवला. सोमवारी आलास की पहिलं हे शिकवणार तुला."

"सोमवारी?" मोहनने विचारलं.

"मग काय, मंगळवारी येतोस?" साहेब माझ्याकडे वळले. "याने विचारलं, की सांगितलं?"

"साहेब, मी मत देणार नाही असं लिहून..."

"मत नको. गिऱ्हाईक म्हणून विचारतोय."

"विचारलं," मी म्हणालो.

मालकांची सही बाकी होती आणि ती होईपर्यंत मी डबा उघडला नाही. सोमवारी मालकांनी अर्ज उलटून पाहिला. "हिशेबनिसांच्या नात्यातला आहे म्हणे?"

"आहे. म्हणून गिऱ्हाईक यांनाच केलं," साहेब म्हणाले. "परक्याची तक्रार कोणीही ऐकून घेतं. घरच्या माणसाची ऐकून हा खुर्चीत बसून राहिला."

मालकांनी सही केली. मला एकदम भूक लागली, एवढं आठवतं.

पण शनिवारी आम्ही दोघं घरी चालत आलो तेव्हा सही झालेली नव्हती, आणि मी मोहनला बजावलं होतं की सही झाल्याशिवाय बोलायचं नाही. बायको विहिरीवर होती. आम्हाला एकत्र येताना बघून तिने दोर तसाच धरून ठेवला.

"काय झालं?"

मी मोहनकडे पाहिलं. मोहनने माझ्याकडे पाहिलं. "ताई, सोमवारपासून," तो म्हणाला. भरलेली बादली धडाधड खाली गेली आणि ती कठड्यावर बसून हसत सुटली. त्या दिवशी ताट झाकलं नाही. सगळे एकदम जेवलो आणि आमटीत मीठ बरोबर होतं.

मोहन तिथे टिकला. साहेब गेल्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा ती खुर्ची त्याच्याकडे आली. साहेब आता स्वतःच्या वाडीत असतात आणि महिन्यातून एकदा पंपाची तक्रार घेऊन येतात. ती खरी असते की नाही हे मोहनलाही ओळखता येत नाही. तो त्यांना बाकड्यावर बसवतो, चहा मागवतो आणि सगळं विचारून घेतो. चहाचं बिल माझ्याकडे येतं. मी पास करतो.

आचोळ्याला त्याने खोली घेतली ती त्याच त्र्याऐंशीच्या मे महिन्यात. सासरे स्वतः फाटकापर्यंत आले, ट्रंक टांग्यात चढवायला त्यांनी हात लावला, नातीचा पापा घेतला आणि डोळे पुसत आत गेले. टांग्यात मोहनची बायको, स्टोव्ह, दोन गाठोडी. पुढे टांगेवाल्याशेजारी मोहन, त्याच्या मांडीवर पोर, मागे पाय लोंबकळत सोडून मी. पोर पहिल्यांदा बराच वेळ या नव्या माणसाकडे रोखून बघत राहिली आणि मग त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घालून झोपी गेली.

खोलीपाशी उतरलो. दहा रुपये ठरले होते. टांगेवाल्याने बारा मागितले. मी पुढे झालो, पण मोहनने मला हाताने थांबवलं.

"बारा कसे झाले?" त्याने विचारलं.

टांगेवाला सांगू लागला. रेल्वेचं फाटक बंद होतं, घोडं उन्हात उभं राहिलं, भाडं ठरवताना ट्रंकेच्या वजनाचं कोणी बोललं नव्हतं, आणि परतीचं भाडं इथून मिळत नाही. त्याची बायको झोपलेली पोर खांद्यावर घेऊन दारात उभी होती. मोहनने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग खिशातून पगाराचं पाकीट काढलं आणि टांगेवाल्याला बारा रुपये दिले.